मी येतो, मी येते

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात बायका पुरुषांसारख्या बोलायच्या. आवाज चढवून नव्हे. तो चढायचाच, पण मी म्हणते ते व्याकरणाबद्दल. आई म्हणायची, "दमलो बाई मी." आजी म्हणायची, "मी कवाच जेवलो." शेजारच्या काकी ओटीचं ताट घेऊन दारात थांबायच्या आणि सांगायच्या, "अंबाबाईला जाऊन येतो, पोराकडं लक्ष ठेव गं." यात काही वेगळं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मे महिन्यात पुण्याची मामेबहीण यायची आणि आईनं स्वयंपाकघरातून "आलो, आलो" म्हटलं की तोंडावर हात ठेवून हसायची. आई तिला म्हणायची, "हसतीस काय भवाने? मी काय बाप्या हाय व्हय?"

हे कानडीतून आलं असं काही जण सांगतात. कानडीत 'मी येतो' आणि 'मी येते' यांना एकच क्रियापद, आणि कर्नाटकाची हद्द आमच्यापासून तासाभराच्या आत. असेलही. पण लहानपणी मला त्याचा अर्थ फार सोपा वाटायचा. बोलणारा माणूस 'मी' असतो, आणि 'मी' म्हणजे 'मी'. बाई की बाप्या हे समोरच्याला दिसतंच आहे की, ते परत कशाला सांगायचं?

हिंदीनं मला ते सांगायला लावलं. पाचवीत हिंदी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात मी उभी राहून खणखणीत आवाजात म्हटलं, "मैं पाठशाला जाता हूँ." वर्ग खदखदला. बाई चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लड़की हो ना? जाती हूँ." मी बसले आणि वहीत 'जाती हूँ' दहा वेळा लिहून काढलं. आपण मुलगी आहोत हे मला माहीत होतं, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याची हजेरी द्यावी लागते, हे त्या दिवशी कळलं. इंग्रजी आली तेव्हा सुटल्यासारखं झालं. 'आय गो.' बाई नाही, बाप्या नाही. बाकी त्या भाषेतलं काही कळत नव्हतं, पण 'आय' आवडला. आमच्या आईसारखा वाटला.

पुढं सदतीस वर्षं मी याच दोन भाषा शिकवून पोट भरलं. आधी हिंदी, मग दोन्ही. लिहिलंही दोन्हींत. हिंदीत कथा, इंग्रजीत थोडे लेख आणि स्वतःच्याच कथांचे अनुवाद. लोक विचारायचे, "मॅडम, मग मराठीत का नाही लिहीत?" मी म्हणायची, "मराठीत कोण पगार देतंय?" हे उत्तर खोटं होतं, पण हशा मिळायचा.

दोन्ही भाषा घरात आल्या त्या आबांच्या वाटेनं. आबा उद्यमनगरात लेथवर होते. कोल्हापुरी ऑइल इंजिनांचे सुटे भाग करायचे. शाळा सातवीपर्यंत, पण इंग्रजीशिवाय त्यांचा दिवस जात नसे. चक, टूलपोस्ट, व्हर्नियर, टॉलरन्स, रिजेक्ट. माप सुतात आणि हुकूम इंग्रजीत. 'रिजेक्ट' हा शब्द ते इतक्या दुःखानं उच्चारायचे की पुढं संपादकांकडून परत आलेल्या पाकिटांना मी मनात तेच म्हणत आले. पुढं फौंड्रीत यूपी-बिहारकडचे कामगार आले आणि आबांची हिंदी सुरू झाली. "अरे भाई, वो साचा उधर ठेव." ही हिंदी मला आजही चुकीची वाटत नाही. साचा तिकडं ठेवला जायचा. कामगार हसायचा आणि ठेवायचा. उलट रात्री रेडिओवर विविध भारती लागली की आबा त्यातलं शुद्ध निवेदन मन लावून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "लई गोड बोलत्यात, पर काय म्हणाले?"

मी वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या परीक्षा देत 'कोविद'पर्यंत पोचले. कोविद हा शब्द २०२० साली असा परत भेटेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. माझं जुनं प्रमाणपत्र बघून भाच्यानं "मावशी, तुला तर आधीच झालता की" म्हटलं, ते वेगळंच. मग हिंदी घेऊन बी.ए., शिवाजी विद्यापीठात एम.ए. विद्यापीठ १९६२ सालचं. आम्ही गेलो तेव्हा सागरमाळावर इमारती कमी आणि वारा जास्त. नोकरी लागल्यावर इंग्रजीचं एम.ए. बाहेरून केलं. कारण अगदी साधं. हिंदीचा वर्कलोड भरत नव्हता. प्राचार्यांनी कंपल्सरी इंग्लिशचे तास देऊ केले आणि म्हणाले, "पण डिग्री हवी हो." साहित्यावरच्या प्रेमापोटी दोन भाषांकडे वळले, असं मुलाखतीत सांगता आलं असतं तर किती बरं दिसलं असतं!

आमचं कॉलेज कोल्हापूरच्या बाहेर. पोरं शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावड्याकडून एसटीनं यायची. हिंदी घ्यायची ती 'मार्क पडत्यात' म्हणून, आणि इंग्रजी असायची ती सुटका नाही म्हणून. हिंदीच्या तासाला मला सगळ्यात जास्त मजा यायची ती नपुंसकलिंगाची. मराठीला तीन लिंगं, हिंदीला दोन. मग मराठीतली ही 'ते'वाली मंडळी हिंदीत गेल्यावर जाणार कुठं? मी फळ्यावर यादी काढायची. ते घर पुरुषांकडं गेलं. ते पाणी, ते दही, ते शहरही गेलं पुरुषांकडं. ते पुस्तक मात्र बायकांत गेलं, आणि ते दुकानही. का? कारण नाही. पोरं नियम मागायची आणि मी म्हणायची, लग्नात मुलगी कुठल्या घरी पडते त्याला नियम असतो का? पाठ करा. त्यातही आवाज, विजय, आत्मा हे आपल्याकडचे चांगले बाप्ये तिकडं जाऊन बाया होतात. मृत्यूसुद्धा. आपल्याकडं तो येतो, हिंदीत ती येते. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला होता, "मॅडम, मग हिंदीत मरायला बरं." वर्गातलं इतकं नेमकं वाक्य मी नंतर कुठल्या चर्चासत्रातही ऐकलं नाही.

चर्चासत्रावरून आठवलं. नोकरीच्या सुरुवातीला अलाहाबादला गेले होते. अजून मला तोंडात प्रयागराज बसत नाही. ओळख करून देताना मी ऐटीत सांगितलं, "मैं प्रेमचंद पर संशोधन कर रही हूँ." समोरचे वयस्कर प्राध्यापक चष्म्यावरून बघत म्हणाले, "अच्छा! प्रेमचंद में क्या-क्या सुधारना है?" हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपण ज्याला संशोधन म्हणतो तो त्यांच्याकडं शोध. हे मला पाठ होतं, पण जीभ घरची ती घरचीच. अशा जोडशब्दांनी मराठी माणसाचा हिंदीत पदोपदी कपाळमोक्ष होतो. शिक्षा घेतली म्हणावं तर ते शिकले समजतात आणि आपण मार खाल्ला समजतो. प्रकृती विचारावी तर झाडं-डोंगर सांगतील. संसार म्हटलं की त्यांच्यापुढं अख्खं जग उभं राहतं, आपल्यापुढं दोन पातेली आणि गॅसचं सिलिंडर.

त्याच मुक्कामात अलाहाबाद विद्यापीठाचा इंग्रजी विभाग बघायला गेले. फिराक गोरखपुरी तिथं इंग्रजी शिकवायचे आणि उर्दूत लिहायचे. १९६९चं ज्ञानपीठ त्यांचं. हरिवंशराय बच्चन तिथंच इंग्रजी शिकवायचे, केंब्रिजला जाऊन येट्सवर पीएच.डी. करून आले, आणि कविता हिंदीत. दिवसभर इंग्रजी शिकवायची आणि आपल्या भाषेत लिहायचं, ही या देशातली जुनी रीत आहे. आमच्या राजाराम कॉलेजात प्राचार्य होऊन गेलेले वि. कृ. गोकाकही इंग्रजीचेच प्राध्यापक, आणि १९९०चं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड लेखनाला. त्याच कॉलेजात माधव ज्युलियन फारसी शिकवून मराठी कविता करत. पोटाची एक आणि ओठाची एक. मी त्या रांगेत कुठं बसत होते? माझ्या पोटाच्या दोन्ही होत्या आणि ओठाची कागदावर कुठंच नव्हती. व्हरांड्यात उभी राहून हा विचार केला, असं लिहिलं तर शोभेल, पण खरं म्हणजे तेव्हा ऊन फार होतं आणि मी पाणी शोधत होते. हे सुचलं परतीच्या गाडीत.

आधार वाटायचा तो मुक्तिबोधांचा. गजानन माधव मुक्तिबोध. घर मराठी, लेखन हिंदी, आणि सख्खा भाऊ शरच्चंद्र मराठीतला कवी-समीक्षक. एका आईच्या दोन मुलांनी दोन भाषा वाटून घेतल्या. गजाननरावांचा पहिला कवितासंग्रह निघाला तो १९६४ साली, ते गेले त्याच वर्षी. हिंदीची पोरं मला विचारायची, "मुक्तिबोध इतके अवघड का लिहितात?" मी विद्वत्तापूर्ण उत्तर द्यायची. मनात मात्र एक भलताच प्रश्न असायचा. हे आईशी कुठल्या भाषेत भांडत असतील?

आणि दुसरे अरुण कोलटकर, आमच्याच गावचे. जन्म कोल्हापूरचा, शाळा राजाराम हायस्कूल, माध्यम मराठी. १९७६ साली इंग्रजीत 'जेजुरी' पुस्तकरूपानं आलं आणि पुढच्याच वर्षी मराठीत 'अरुण कोलटकरच्या कविता'. एका हातानं हे, एका हातानं ते. राजाराम हायस्कूलवरून रिक्षा जायची तेव्हा मी वळून बघायची. हे काय पाणी पीत होते बाबा? आबा असते तर म्हणाले असते, लेथ एकच, जॉब दोन, त्यात काय एवढं. पण माझ्या लेथवर जॉब दोन होते आणि ज्या लोखंडाचे ते करायचे ते तिसरंच होतं.

हे मला कळलं एका कथेमुळं. आई गेल्यावर वर्षाच्या आत मी तिच्यावर हिंदीत एक कथा लिहिली. तशी साधीच. एक बाई दर दुपारी घराबाहेर पडते, कुठं जाते ते सांगत नाही, आणि निघताना दारातून लेकीला एकच वाक्य म्हणते. मराठीत ते वाक्य आहे, "येतो गं."

बघा, दोन शब्द. आपल्याकडं निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ. निघणारा 'येतो' म्हणतो. म्हणजे परत येण्याचं वचन आधी, जाणं नंतर. आणि 'येतो' म्हणणारी बाई आहे. आणि तो 'गं' सांगतो की ऐकणारी पण बाईच आहे. बोलणारीचं लिंग लपलेलं, ऐकणारीचं उघड. शाळेतल्या चार यत्ताही धड न झालेल्या माझ्या आईच्या तोंडी हे सगळं आपोआप यायचं आणि दोन एम.ए. झालेली मी ते हिंदीत न्यायला आठ दिवस बसले.

'जाती हूँ' लिहिलं, तर आई गेली. 'आती हूँ' लिहिलं, तर कुणाच्या तरी हाकेला ओ दिल्यासारखं झालं. 'चलती हूँ' बरं होतं, पण ती माझी आई नव्हती, ती कुणीतरी पदर सावरून सोफ्यावरून उठलेली बाई होती. शेवटी मी छातीवर दगड ठेवून लिहिलं, "आता हूँ री." आणि आधी एका ओळीत सांगितलं, की आमच्याकडच्या बायका असं बोलतात.

कथा छापून आली. मासिक उत्तरेतलं, चांगलं, नाव सांगत नाही. अंक उघडला तर आई सात ठिकाणी "जाती हूँ बेटी" म्हणत होती. माझी ती एक ओळ गायब. सोबत संपादकांचं पोस्टकार्ड, अत्यंत सौजन्यपूर्ण. कथा मार्मिक आहे, लिंग-दोष सुधारले आहेत, मराठीभाषी लेखकांकडून अशा चुका होतात, मनाला लावून घेऊ नये. मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि मला अलाहाबादचे ते चष्मेवाले आठवले. आता खरंच संशोधन झालं होतं. माझ्या आईचं.

त्यात गंमत अशी, की अलाहाबादेत ज्या प्राध्यापिकेच्या घरी मी उतरले होते, ती स्वतः "हम जा रहे हैं, शाम तक आएँगे" असंच म्हणायची. पूर्वेकडच्या बायका सर्रास 'हम' म्हणतात आणि क्रियापद पुरुषी अनेकवचनी. त्याला कुणी लिंगदोष म्हणत नाही. तिला फोनवर हा प्रकार सांगितला तर ती हसली आणि म्हणाली, "'हम आते हैं' लिख देतीं, निकल जाता." निघालं असतं, खरं आहे. पण मग आई गंगेकाठची झाली असती. आमची पंचगंगेची होती. बोलता बोलता तिनं तिच्या आईचं सांगितलं. घरात अवधी, आणि लेकीच्या हिंदी कवितांतलं एक अक्षर आईला आपलं वाटत नसे. म्हणजे खुद्द तिथंही तेच. छापील हिंदी त्या गल्लीतल्या कुणाच्याच घरची नव्हती. फोन ठेवल्यावर मला संपादकांचा राग थोडा कमी आला. थोडाच.

मग मी ती कथा इंग्रजीत केली. इंग्रजीत आईचं लिंग सुधारायला कुणी आलं नाही, कारण 'आय'ला ते नसतंच. ज्या 'आय'वर मी पाचवीत खूश झाले होते, त्यानं इथं दगा दिला. घरच्या भाषेत आई बाई असून 'येतो' म्हणते, यातला जो ठसका आहे तोच उडाला. समोर उरली एक सभ्य म्हातारी, परत येईन असं शांतपणे सांगून बाहेर पडणारी. अनुवाद वाचून इंग्रजी विभागातली तरुण सहकारी म्हणाली, "व्हेरी डिग्निफाइड." आई आयुष्यात एकदाही डिग्निफाइड नव्हती. तिनं एकदा गंगावेशीत दुधात पाणी घातलं म्हणून एका गवळ्याला भर चौकात त्याच्याच चरवीनं आंघोळ घातली होती.

म्हणजे कथा दोन भाषांत होती, आणि दोन्हींत आई गप्प होती.

निवृत्तीनंतर बरीच वर्षं मी हे असंच ठेवलं. हिंदी दिवसाची बोलावणी येत राहिली. संविधान सभेनं १४ सप्टेंबर १९४९ला हिंदीला राजभाषा केलं, म्हणून त्या दिवशी दर वर्षी हार, समई आणि प्राचार्यांचं हिंदीच्या महत्त्वावर अस्खलित मराठी भाषण. मग २०२५ साली पहिलीपासून हिंदीचं प्रकरण पेटलं, तेव्हा फोनच फोन. "मॅडम, तुम्ही कुठल्या बाजूच्या?" मी सरळ सांगितलं, की आयुष्यभर हिंदीचं मीठ खाल्लंय, पण सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादू नका. त्याला आधी त्याच्या आईच्या भाषेत पोटभर बोलू दे. पाचवीत हिंदी आली तर काही बिघडत नाही, माझं काय बिघडलं? सरकारनं २९ जूनला ते आदेश मागं घेतले. माझे दोन हिंदीवाले मित्र तेव्हापासून बोलत नाहीत आणि एक मराठीवाले गृहस्थ, ज्यांनी पूर्वी कधी नमस्कार केला नव्हता, ते रंकाळ्यावर फिरताना हात जोडतात. दोन्ही मला सारखंच अवघड जातं.

पण त्या फोनांवर 'आईच्या भाषेत' असं इतक्यांदा बोलून झालं, की एका रात्री मलाच लाज वाटली. कपाटातून कथेची फाईल काढली. वयाच्या सत्तरीत पहिल्यांदा मराठीत कथा लिहायला बसले. अनुवाद म्हणवत नाही, कारण मूळ तर हेच होतं, कागदावर शेवटी आलं एवढंच. हात चालेना. 'किंतु-परंतु' येत होतं, वाक्यं हिंदीच्या चालीनं झुलत होती, मध्येच इंग्रजीसारखी लांबत होती. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी जेवलेल्या माणसाला आपल्या घरचा डबा कुठल्या फळीवर असतो ते सापडू नये, तसं. फक्त एक वाक्य न अडखळता आलं. "येतो गं."

कथा पुण्याच्या एका दिवाळी अंकाला पाठवली. स्वीकारल्याचं कळवलं. मागच्या आठवड्यात प्रुफं आली, कागदावर, लाल शाईनं तपासलेली. अलीकडं असं कुणी करत नाही, मला फार बरं वाटलं. चष्मा लावून बसले. पहिल्या पानावर आईच्या वाक्यातला 'तो' छाटलेला आणि वर सुबक अक्षरात 'ते'. येते गं. तिसऱ्या पानावर तसंच. पाचव्या पानावर समासात बारीक टीप : लिंग बघावे.

मी मोठ्यानं हसले. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला प्रूफ दाखवलं, सगळी हकीकत सांगितली. ती गडहिंग्लजची. तिनं एकदा कागदाकडं बघितलं आणि विचारलं, "मग बरोबर काय हाय ओ ह्यात?"

मी सातही ठिकाणी 'ते' खोडून 'तो' केला आणि प्रत्येक ठिकाणी समासात लिहिलं, 'मूळ ठेवावे'. शेवटच्या पानावर सही केली, पाकीट चिकटवलं, पत्ता घातला. कुरिअरवाला संध्याकाळी येतो, पण मला थांबवेना. चपला घातल्या.

"आत्या, एवढ्या उन्हात कुठं चाललासा?" सूनबाईनं आतून विचारलं.

"पोस्टात," मी म्हटलं. "येतो गं."